मशीन वाढवल्याचा गुन्हा

बाळांनो, पोलीस खात्यातली माझी बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र काल घडल्यासारखे स्वच्छ आठवते. यात खून नाही, दरोडा नाही. तरी नोकरीने तुम्हाला काय दिले असे कोणी विचारले, तर मी हेच सांगते. तुमचा कॉम्प्युटरशी रोजचा संबंध, तेव्हा तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल.

गिरणी संपाला तेव्हा बरीच वर्षे उलटली होती. परळ-लालबागच्या कित्येक गिरण्या थंड पडल्या होत्या आणि आजूबाजूच्या गाळ्यांत लहान लहान कचेऱ्या निघत होत्या. मी तिथल्याच एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. एका शनिवारी सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच ठाणे अंमलदारांनी एका तरुणाला माझ्या टेबलाकडे पाठवले. घाऊक औषधविक्रीच्या एका पेढीच्या मालकाचा हा भाचा. मराठीच, पण इंग्रजी शाळेत आणि पुढे परदेशात शिकलेला. मराठी कामापुरते.

त्याची तक्रार अशी. पेढीत तीन कॉम्प्युटर होते. औषधांच्या दुकानांकडून फोनवर येणाऱ्या ऑर्डरी त्यांत भरायच्या. गेले काही महिने दुपारनंतर भरलेल्या ऑर्डरींपैकी काही दुसऱ्या दिवशी गायब असत. माल पोहोचत नसे, दुकानदार चिडत आणि दुसऱ्या एका पेढीकडे वळत. पेढीच्या आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईचा चुलत भाऊ नेमका त्याच दुसऱ्या पेढीत कामाला होता.

"मॅडम, ती ऑर्डरी तिकडे पाठवते," तो म्हणाला. "तिने आमच्या कॉम्प्युटरना चोरून आणखी एक मशीन जोडलंय."

"तुम्ही पाहिलं ते मशीन?"

"नाही. पण ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, मशीन वाढवलंय म्हणून. मी कानांनी ऐकलं."

ऐकीव पुरावा निम्मा खरा असतो. पंचाईत एवढीच, की कुठला निम्मा ते कळत नाही. मी अर्ज घेऊन वरिष्ठ निरीक्षकांकडे गेले. तो नीट वाचून ते म्हणाले, "गुन्हा लगेच दाखल करू नका. अर्ज चौकशीवर ठेवा. एकदा बाईच्या नावापुढे चोरी लागली, की ती पुसायला आपल्या खात्याकडे खोडरबर नाही." त्या दिवशी त्यांनी मला घाई करू दिली नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

बाईमाणसाचा जबाब ठाण्यावर बोलावून न घेता तिच्या घरी जाऊन घ्यावा, असा नियम. म्हणून रविवारी सकाळी मी हवालदारांना घेऊन त्या बाईच्या लालबागच्या चाळीत गेले. आम्ही दोघेही गणवेशात. दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत गॅलरीतली धुणी वाळत घालायची थांबली होती.

ती पस्तिशीची, अविवाहित. वडील गिरणीत मागावर काम करणारे साचेवाले होते, ते आता नव्हते. आईला काही महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता आणि ती कॉटवर पडून होती. घरात कमावणारी ही एकटीच. हिला अटक झाली असती, तर म्हातारीला रात्रीबेरात्री पाणी पाजायलाही कोणी नव्हते. हे आम्ही दोघांनीही आत शिरताच पाहिले, पण जबाब घेताना ते बाजूला ठेवावे लागते.

"कचेरीत मशीन तुम्ही वाढवलं?" मी विचारले.

"हो."

हवालदारांचे पेन थबकले. इतकी झटपट कबुली आम्हाला सवयीची नव्हती.

"किती वाढवली?"

"किती म्हणजे? एकच. माझं."

"कधी?"

"रोज."

"रोज एक?" हवालदार न राहवून म्हणाले. "मग एव्हाना गाळा भरला असेल की!"

"तुम्हाला कोणी सांगितलं वाढवायला?" मी पुढे विचारले.

"सांगायला कशाला हवं, बाई? जायच्या वेळी वाढवायचंच. तसंच टाकून जायचं होय?"

"आता कुठे आहे ते?"

"आहे तिथेच. टेबलावर." आता ती माझ्याकडे काळजीने बघू लागली होती. माझेच काहीतरी बिघडले असावे, अशी.

मी सरळ प्रश्न केला. "बरं, मग तुमचा कॉम्प्युटर बंद कोण करतं?"

तिने पटकन आईकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बाई, बंद नका म्हणू."

"का?"

"आमच्या घरात म्हणत नाहीत. बाबांची गिरणी थोडे दिवस बंद आहे, असंच म्हणायचे सगळे. बंद आहे, उघडेल. ती कायमचीच तशी राहिली. तेव्हापासून आईने दम दिलाय, ज्याच्यावर आपण जेवतो त्याला बंद म्हणायचं नाही. वाढवलं म्हणायचं."

मी गिरगावात वाढले. शाळा इंग्रजी असली तरी घर मराठीच होते. आईने देवापुढचा दिवा कधी विझवला नाही, वाढवला. तिची बांगडी कधी फुटली नाही, वाढली. आमच्या नाक्यावरचा वाणी रात्री दुकान वाढवून घरी जाई. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून आपल्या माणसांनी केलेली ही तरतूद. या बाईने ती कॉम्प्युटरला लावली होती, आणि इंग्रजी शाळेतल्या भाच्याने त्यातून जास्तीचे मशीन काढले होते.

हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, लिहू काय?"

"जसं बोलल्या तसंच लिहा. आणि खाली अर्थ लिहा."

शब्दाचा उलगडा झाला, पण ऑर्डरी जात कुठे होत्या? एखादी गोष्ट अचानक बिघडू लागली, की त्या सुमारास काय बदलले ते विचारावे, हे मी वरिष्ठांकडून शिकले होते. तसे विचारल्यावर ती म्हणाली, "काही नाही बदललं. आधी मी सगळ्यांच्या शेवटी निघायचे. आईचं हे झाल्यापासून सहाला निघते. शेजारच्या काकी सहानंतर थोडा वेळच बसू शकतात."

सोमवारी संध्याकाळी मी त्या पेढीत गेले. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक ओळखीचे गृहस्थ बरोबर घेतले. भाचाही तिथे हजर होता. त्यांनी तारा तपासल्या. चोरून जोडलेले काहीच नव्हते. मग त्यांनी मला समजावले, ते असे. हिशेबाचा प्रोग्राम जुना. सगळ्या ऑर्डरींच्या फाइली एकाच कॉम्प्युटरमध्ये, तोही आतल्या खोलीतला, कारण तो सर्वांत आधी विकत घेतलेला. बाहेरचे दोन कॉम्प्युटर तारेवरून त्याच फाइली उघडत. एका कपाटातून तिघांनी एकाच वेळी कागद काढावेत, तसे. आणि ते कपाट त्या बाईच्या टेबलावर होते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

सहा वाजत आले. मी तिला म्हटले, "रोज करता तसंच करा."

तिने स्वतःचे काम आवरले आणि कॉम्प्युटर वाढवायला घेतला. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट उमटली. या कॉम्प्युटरला दोन जण जोडलेले आहेत, तो बंद केल्यास त्यांचा संबंध तुटेल, पुढे जायचे का? तिने सवयीने होकाराची कळ दाबली.

त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून एका कारकुनाचा आवाज आला. "अडकला! सहा वाजले रे वाजले की ह्याचा संप सुरू!"

"व्होल्टेज रे, व्होल्टेज," दुसरा म्हणाला. "ऊठ, चहा पिऊन येऊ."

आतल्या आणि बाहेरच्या खोलीत एक पातळ भिंत होती. इतके दिवस भिंतीच्या अलीकडे मशीन वाढत होते आणि पलीकडे अडकत होते. ऑर्डरी जातात ही तक्रार मालकाकडे गेली होती. कॉम्प्युटर अडकतात ही तक्रार चहावाल्यापलीकडे गेलीच नव्हती.

"ही चौकट तुम्ही कधी वाचली होती?" मी तिला विचारले.

"पहिल्या दिवशीच ह्यांना विचारलं होतं." तिने भाच्याकडे पाहिले. "ते म्हणाले, यस दाबा, काही होत नाही."

भाच्याचे कान लाल झाले.

त्या गृहस्थांनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. फाइली उघड्या असताना मधेच संबंध तुटला, की आतली सूची मोडते, असे ते म्हणाले. कागद कपाटातच असतात, पण सूचीत नसल्यामुळे प्रोग्रामला सापडत नाहीत. त्यांनी सूची नव्याने बांधायला लावली. थोड्या वेळाने हरवलेल्या ऑर्डरी एकेक करून पडद्यावर येऊ लागल्या. सगळ्या नाही, पण बहुतेक. दुकानदारांची नावे वाचता वाचता मघाचा कारकून खुर्चीवरून उठून उभा राहिला. ती मात्र बसूनच होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

उपाय साधा निघाला. आतला कॉम्प्युटर शेवटचा माणूस निघेपर्यंत चालू राहील, आणि तो वाढवायचे काम त्या शेवटच्या माणसाचे.

भाचा तिच्यासमोर आला. "सॉरी, ताई. मी अर्ज मागे घेतो. तुमची नोकरी आहे तशीच राहील."

मला वाटले, प्रकरण मिटले. ती म्हणाली, "इथे सॉरी नको. इथे माझं नाव कुठे गेलंय? पोलीस चाळीत आले होते. तुम्ही चाळीत या."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "चला. मीही येते."

नियमात असे काही बसत नव्हते. चौकशी संपली, अहवाल लिहिला, की आमचे काम संपते. तरी मी गणवेशातच दुसऱ्यांदा त्या चाळीचा जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर शेजारच्या मालवणी काकी दार अडवून उभ्या होत्या. "आता खंय व्हरतास आमच्या चेडवाक?" त्यांनी मला थेट विचारले. गणवेशाची त्यांना काडीचीही भीती नव्हती.

"कुठेही नेत नाही, काकी. सांगायला आलेय. हिने काही केलेलं नाही."

"तां आमका म्हायत हा. मोठ्यान सांगा, थंयच्या खोलयेपर्यंत जाऊक होया."

मग मी गॅलरीत उभी राहून, परेडच्या मैदानावर काढतात त्या आवाजात ते सांगितले. भाच्याने हात जोडून, अडखळत्या मराठीत, चूक पेढीची होती असे सांगितले. त्याचे त्याला जड गेले, हे मला दिसले. पण तो आला, याचे श्रेय मी त्याला आजही देते. कॉटवरच्या म्हातारीला नीट बोलता येत नव्हते. तिने चालणारा हात उचलला आणि लेकीला खुणेने सांगितले, चहा टाक.

आम्ही दार सताड उघडे ठेवून चहा प्यायलो. पोलीस घरात बसून चहा पितात म्हणजे काय, हे चाळीला समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर जितकी वर्षे नोकरीत होते, तितकी वर्षे मी एक नेम पाळला. ज्या दारावर मी संशय घेऊन गेले आणि तो खोटा ठरला, त्या दारावर पुन्हा गेले. तसेच गणवेशात, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. बहुतेक ठिकाणी मला चहा मिळाला. काही ठिकाणी दार उघडले नाही. तिथे मी बाहेर उभी राहूनच सांगितले.