धाकटीची लस

घरात दोन जावा आणि दोघी एकाच प्रयोगशाळेत. मग धुसफुशीला वेगळं कारण कशाला लागतं?

मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या विषाणूवर लस शोधण्यात थोरलीने उमेदीची वर्षं घातली होती. तिची लस विषाणूच्या एका जातीला अडवायची आणि त्याचा दुसरा भाऊबंद आला की हात टेकायची. शेवटी ते काम बंद झालं आणि तिच्या वाट्याला रक्त तपासणं आलं. धाकटीला तिथे चिकटवलं होतं थोरलीनेच. आता नवी लस धाकटीची, कौतुक धाकटीचं आणि सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता धाकटीच. थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि त्यावर औषध कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं.

अर्ध्या मांजरांना लस टोचली, बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि मग सगळ्यांना विषाणू दिला. कोणाला काय टोचलं हे फक्त मोठ्या साहेबांना ठाऊक. मांजरामांजरांत फार तफावत दिसली तर थोरलीने त्यांना लगेच सांगायचं, म्हणजे ते प्रयोग थांबवतील, असा नियम होता.

तफावत दिसली. अर्ध्या मांजरांच्या रक्तात विषाणू नुसता माजला होता, बाकीची ठणठणीत. थोरलीच्या काळजात चर्र झालं. आपल्याला जन्मात जमलं नाही ते हिला पहिल्या फटक्यात जमलं. पिंजऱ्यांपाशी जाऊन ती त्या धडधाकट मांजरांकडे रागाने बघून आली. सांगू की सावकाश, आजच कशाला हिच्या गळ्यात हार घालायचे? पुन्हा तपासून बघायला हवं, असं स्वतःला बजावत ती आठवड्यामागून आठवडे गप्प बसली. तेवढ्यात मांजरांच्या दुसऱ्या तुकडीलाही लस टोचून झाली आणि विषाणूही देऊन झाला.

शेवटी साहेबांनी उलगडा केला. ठणठणीत होती ती मिठाच्या पाण्यावरची. लसीने विषाणूला अडवायचं सोडून उलट त्याची वाट मोकळी करून दिली होती.

धाकटी दुसऱ्या तुकडीच्या पिंजऱ्यांसमोर बसली होती. एका पिल्लाचे चिकटलेले डोळे ती ओल्या कापसाने पुसत होती. थोरली शेजारी जाऊन उभी राहिली. मनात मागितलेलं सगळं मिळालं होतं.

"ताई, तुम्हाला आधी काहीच दिसलं नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. धाकटीने विश्वासही ठेवला असता.

"दिसलं होतं. मला वाटलं, तुझी लस लागू पडली."

धाकटीला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पिल्लाला जवळ घेतलं.

"तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नका."