भाता मॅडमची गोटी

भाता मॅडम गल्लीत शिरल्या की आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा. धाप नव्हे. नाकातून आत जाणारी लांब, भरीव हवा आणि तितक्याच सावकाश बाहेर पडणारी, लोहाराच्या भात्यासारखी. त्यांचे वडील सोयगावजवळच्या एका खेड्यात लोहारकाम करायचे आणि कुस्त्याही खेळायचे. मॅडम लहानपणी त्यांच्याच भात्याची दोरी ओढत वाढल्या. पुढे शहरातल्या शाळेत पी.टी. शिकवताना मुलींनी त्यांना हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते खुशाल मिरवलं. आमच्या पडेगावच्या कॉलनीत तर त्यांचं खरं नाव कुणी विचारलंच नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी बायकांना जमवायला सुरुवात केली. फिरवायच्या लाकडी मुदगलांची एक जोडी, वाळूची पोती आणि इकडून तिकडून आणलेले दगड, एवढंच सामान. माझं दुसरं बाळंतपण होऊन गेलं होतं. ऑफिसचा जिना चढून वर पोचले की मला बोलता येत नसे. पहिल्या दिवशी वाटलं, आता त्या मुदगल हातात देतील. त्यांनी मला उताणं झोपवलं आणि पोटावर वीट ठेवली.

"श्वास घेतला की वीट वर गेली पाहिजे. छाती हलली तर उद्या परत हेच."

कितीतरी सकाळी मी आकाशाकडे बघत ती वीट वरखाली करत होते. शेवटी वैतागून विचारलं, "मॅडम, ताकद कधी येणार?"

"हीच ताकद हाय, वर्षा. आधी भाता, मग हात."

वीट संपली आणि बैठका सुरू झाल्या, त्याही तोंडात पाण्याचा घोट धरून. घोट गिळायचा नाही, सांडायचा नाही, म्हणजे नाकानंच श्वास घ्यावा लागतो. आमच्या शेजारच्या नसीम आपांना एकदा बैठकीतून उठताना हसू फुटलं आणि सगळं पाणी फवाऱ्यासारखं मॅडमच्या तोंडावर उडालं. आम्ही जागच्या जागी थिजलो. मॅडमनी पदरानं चेहरा पुसला.

"पाणी गेलं तर जाऊ द्या. हसताना हवा कुठून आली ते बघितलं का, आपा? पोटातून. वजन उचलताना तिथूनच पाहिजे."

"मॅडम, इथं सांस क्या, जान निकलरी," आपा म्हणाल्या आणि पुन्हा पाण्याचा घोट भरला.

पोती उचलायला मिळाली तोवर माझ्यात काय बदललंय हे मलाच कळलं नव्हतं. एका सकाळी मी वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन प्लॉटच्या त्या टोकाला गेले आणि आपांशी बोलतच परत आले. मॅडम लांबून बघत होत्या. त्या दिवशी चहा घेताना त्यांनी पहिल्यांदा गोटीचा विषय काढला.

त्यांच्या गावात मारुतीच्या देवळापुढे काळ्या दगडाचा गोल, गुळगुळीत धोंडा आहे. त्यालाच गोटी म्हणतात. जत्रेत गडी माणसं तो खांद्यावर घेतात. मॅडमचे वडील दर जत्रेला घ्यायचे. दुपारी देवळापाशी कुणी नसताना मॅडमनी लहानपणी खूपदा प्रयत्न केला, पण गोटी गुडघ्याच्या वर कधी आली नाही. मग नोकरी, संसार, आणि आता अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टरांनी वजनाला हातच लावू दिला नव्हता.

"आता मला ती वर गेलेली बघायची हाय. तुला जमंल."

मला रात्रभर झोप आली नाही. भीती होती, पण त्याहून जास्त, कधी एकदा तो धोंडा समोर येतो असं झालं होतं.

जत्रेच्या दिवशी आम्ही जीप करून गेलो. देवळापुढे दोरी बांधून रिंगण केलं होतं, हलगी वाजत होती. मॅडम मला घेऊन पुढे निघाल्या तसे गावातले सगळ्यांत वडीलधारे नाना आडवे आले.

"बाईमाणसानं गोटीला हात लावत नसतेत, बाई."

"नाना, तुम्ही माझ्या बापाच्या हाताखाली तयार झाले. गोटीनं तुम्हाला कधी विचारलं व्हतं का, कोण उचलतंय म्हणून?"

आजूबाजूचे हसले. नानांनाही हसू आवरलं नाही. "उचलू द्या," ते पंचांना म्हणाले. "नाय उचलली तर आपोआप गप बसतेल."

ते ऐकून मी तडक रिंगणात शिरले. मी वाकले, बोटं खाली सरकवली आणि घाईनं छाती भरून श्वास कोंडला. गोटी गुडघ्यापर्यंत आली आणि निसटून धपकन खाली पडली. माणसं शिट्ट्या मारू लागली. नाना मान हलवत मागे वळले.

मॅडम दोरीपाशी येऊन म्हणाल्या, "तोंड मीट. घाई कुणालाच नाय."

मी डोळे मिटले. हवा पोटात उतरेपर्यंत हात लावलाच नाही. मग वाकले. या वेळी गोटी गुडघ्यावरून मांडीवर आली. मी तिला मिठी मारली, मांडीवरच ठेवून श्वास घेतला. "उठा ले, बाई, उठा ले," नसीम आपांचा आवाज फाटला होता. दुसऱ्या श्वासाला गोटी छातीवर आली, तिसऱ्याला खांद्यावर. मी सरळ उभी राहिले. गार, गुळगुळीत वजन माझ्या मानेला टेकलं होतं. गोटी मागे टाकली तेव्हा हलगी वेड लागल्यासारखी वाजत होती आणि नानांनीच पहिल्यांदा गुलाल उधळला.

पुढच्या वर्षी जत्रेच्या आधीच मॅडम वारल्या. प्लॉटवर अजून आम्ही जमतो, नव्या बायका येतात आणि आधी विटेला कंटाळतात. पण मॅडमची आठवण आली की मला ती परतीची जीप दिसते. आपा आणि मी एकदम बोलत होतो. शहर जवळ आल्यावर त्यांनी माझ्या गुलालानं माखलेल्या हातावर हात ठेवला.

"वर गेली तवा कसं वाटलं?"

मी आठवून बघितलं. "खरं सांगू? काहीच नाही. हलगीसुद्धा ऐकू आली नाही. फक्त माझा श्वास ऐकू येत होता."

मॅडमनी स्वतःच्या बोटांना लागलेला गुलाल चोळून बघितला.

"विचारलं की माझा बाप पण हेच सांगायचा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, पोरीला टाळायचं म्हणून कायतरी सांगतोय."