प्रतिद्रव्याचा कौल

सकाळी आंबिवलीहून एकटीच निघाले. कल्याणला एसटी पकडली आणि ठाण्यात खोपटच्या डेपोत उतरले. मांडीवर वड्यांचा डबा होता. त्याचं तेल ठाण्यापर्यंत नव्या साडीवर उतरलं. तरी माझा आनंद काही कमी होईना. माझ्या बहिणीची मुलगी मृणाल परदेशातल्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आली होती आणि आज कोलशेतच्या गावकऱ्यांना आपलं काम सांगणार होती.

"टॉवर की जुनं गाव?" रिक्षावाल्याने विचारलं.

"गावदेवीचं देऊळ."

"मग तसं बोला ना मावशी! मी टॉवरवाल्या समजलेलो तुम्हाला."

उंच इमारती मागे पडल्या, खाडीचा वास आला आणि गाव सुरू झालं. देवळाचा मंडप भरला होता. मी खांबाआड बसले.

मृणाल म्हणाली, "प्रतिद्रव्य म्हणजे आपल्या द्रव्याचा उलटा जोडीदार. दोघं भेटले की दोघंही नाहीसे होतात. म्हणून ते कशालाही टेकू न देता चुंबकांनी उभ्या नळीत अधांतरी धरायचं. मग चुंबक हळूहळू सैल करायचे आणि बघायचं, खाली पडतं की वर जातं."

"अगो, पडंल नाय तं जाईल कुठं?" आप्पा, म्हणजे बहिणीचे सासरे, मोठ्याने म्हणाले. "एवढ्यासाठी इमानात बसून गेलीस?"

सगळे हसले. मृणालचा चेहरा उतरला. बोलताना सारखे हलणारे तिचे हात थांबले.

चार माणसांत मी कधी तोंड उघडत नाही. पण उभी राहिले.

"आप्पा, कौल लावताना देवीच्या खांद्यांना पाकळ्या चिकटवतो. त्या पडणार हे ठाऊकच असतं ना? तरी डावी आधी पडते की उजवी, हे बघायला तुम्हीच श्वास धरून बसता."

मग आप्पाच खदखदून हसले. "आंबिवलीवाली बोलली गो! बरं पोरी, सांग, कसा लागला कौल?"

"खाली, आप्पा! बहुतेक सगळं खालीच पडलं," मृणाल म्हणाली, आणि तिचे हात परत हलायला लागले. "पण आमच्याआधी ते कोणी पडताना बघितलंच नव्हतं!"

टाळ्या पडल्या. नंतर वडे कोळंबीच्या रश्श्यात बुडवून खाताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, तिकडेपण आम्ही असेच श्वास धरून बसलेलो."

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर पडणारं पान दिसलं तरी मान वळवून बघत होते. इतकी वर्षं हे सगळं पडतंय, आणि ते का पडतं हे विचारावंसं मला आज वाटलं.

यांनी दारातच विचारलं, "काय म्हणाली पोरगी?" मी सांगायला बसले ती अशी की चुलीवरचा भात करपला, तरी हे म्हणाले, "मग? पुढे?"