दोन ठिपके

आमची आत्या इथं बसून संगणकावरून दुर्बीण चालवायची. दुर्बीण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, त्यामुळे तिथली रात्र म्हणजे आत्याची दुपार. एका दुपारी गॅमा किरणांच्या स्फोटाचा इशारा आला. अशा स्फोटाचा उजेड भराभर विझतो. स्फोट ज्या दीर्घिकेत होतो, तिथला वायू त्या उजेडातले ठरावीक रंग गिळतो आणि त्यावरून दीर्घिकेत काय आहे ते कळतं.

मागच्या खेपेला आत्यानं घाईत शेजारच्याच ताऱ्यावर नेम धरला होता. आताही पडद्यावर दोन ठिपके होते, अगदी चिकटून.

"कुठला धरू?" तिनं फोनवर संशोधन बघणाऱ्या साहेबांना विचारलं.

"तुम्हीच ठरवा. माझ्यासमोर चित्र नाही."

तिनं जुना नकाशा ताडून पाहिला. डावा ठिपका त्यात नव्हता, म्हणजे तो नवा. तिनं नेम डावीकडे धरला. पुढची चाळीस मिनिटं दुर्बीण तो उजेड गोळा करत राहिली.

मग रंगांची पट्टी उमटली. तिच्यात लोखंडाच्या, सिलिकॉनच्या काळ्या रेघा होत्या, सगळ्या तांबड्याकडे खूप सरकलेल्या, म्हणजे उजेड फार दुरून आलेला. तिनं पट्टी साहेबांना पाठवली.

"बारा अब्ज वर्षांपूर्वीची दीर्घिका आहे ही," साहेब म्हणाले.

आत्यानं जुन्या नकाशावर डावा ठिपका काढून घेतला.