वस्तीवरचा दिवा नको म्हणायला गेले

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

सुप्याजवळच्या माळावर आम्ही काही शिक्षक मुलांसाठी छोटी वेधशाळा उभारतोय. तिथं वीज नाही, म्हणून सौर पॅनेल, दगडी भिंती आणि पावसाच्या पाण्याची टाकी असा आराखडा केला. जागा निवडली ती तिथल्या गडद अंधारासाठी.

आता शेजारच्या वस्तीवर मोठा सौर दिवा बसणार आहे. तो नको, अशा अर्जावर सही घ्यायला आज मी तिथल्या रेहानाभाभींकडे गेले.

त्यांनी चहा दिला. मग सुनेला बोलावून तिचा पाय दाखवला. गेल्या वर्षी अंधारात, अंगणातच तिला घोणस चावली. पाय अजून नीट टेकत नाही.

"बाई, तुमी तारं बघून घरी जाणार. आमी हितंच ऱ्हातो. सांगा, करू व्हय सही?"

"नका करू," मी म्हणाले आणि अर्ज पिशवीत घातला.

उजेड फक्त खाली पडेल असं झाकण दिव्याला बसवून मिळतं का, ते उद्या ग्रामपंचायतीत विचारीन. पण आराखड्यावर आम्ही दोन वर्षं घालवली आणि त्या वस्तीवर आजवर एकदाही गेलो नव्हतो. असं कसं झालं आमच्याकडून?