साबळेकाकांच्या लॉकरवरचं आकाश

मंडळी, दुपारपासून एक जपानी अक्षर डोक्यातून जात नाहीये.

चिखलीत जपानीचा क्लास लावलाय. कालच शिकलो: 空, सोरा, म्हणजे आकाश.

आज चाकणला आमच्या जपानी कंपनीत साबळेकाकांच्या लॉकरवर तेच अक्षर चिकटवलेलं दिसलं. काका मागच्या महिन्यात गेले. शिफ्ट सुटली की गेटबाहेर येऊन ते आधी वर बघायचे. म्हणायचे, "आत दिवस कधी गेला कळत न्हाई राव."

मला भरून आलं. मोडक्या जपानीत साहेबांना म्हणालो, "काकांसाठी आकाश लिहिलंत, बरं केलंत."

साहेब गोंधळले. ट्रान्सलेटर मॅडम हळूच म्हणाल्या, "अरे, इथे ते 'कारा' वाचतात. म्हणजे रिकामा."

अक्षर तेच.

सुटल्यावर गेटबाहेर येऊन मीही वर पाहिलं. सांगा राव, आता तिथे काय वाचू?