अण्णांचं उत्तर लिस्टवर आलं नाही

रघुअण्णा आज सकाळी गेले. आणि उत्तर दिलं नाही म्हणून त्यांचा प्रस्ताव उद्या बंद होणार आहे.

उत्तर मागणारा मी होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेटाबेसच्या आत छोटे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा असते. ती कशी बदलायची यावर जगभरची माणसं एका मेलिंग लिस्टवर भांडतात. बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचे आमचे अण्णा त्यातलेच. तिथला नियम असा, की आक्षेपाला उत्तर आलं नाही तर प्रस्ताव मागे घेतला असं धरतात.

मी डिप्लोमा अर्धवट सोडून कोरमंगलाच्या पीजीत पडलेला. ही भाषा मला अण्णांनीच शिकवली. म्हणजे ज्या दिवशी मी बॅग उचलून हम्पीला भटकायला पळालो नसेन त्या दिवशी.

एकदा स्कूल बसच्या ॲपमध्ये एका मुलीचा स्टॉप बदलायचा होता. तिचा नंबर ठेवायच्या व्हेरिएबलला मी तक्त्यातल्या नंबरच्या कॉलमचंच नाव दिलं. डेटाबेसने कॉलमची तुलना कॉलमशीच केली. ती अर्थात सगळीकडे जुळली, आणि प्रत्येक मुलाचा स्टॉप के. आर. पुरम झाला.

एरर नाही, काही नाही.

"काय रे, सगळ्या बेंगळुरूची पोरं के. आर. पुरमला उतरवलीस की!" अण्णा पोट धरून हसले.

मग म्हणाले, "दोन नावं सारखी दिसली की भाषेनंच थांबायला पाहिजे. ओरडायला पाहिजे."

तोच हा प्रस्ताव. माझ्या चुकीतून निघालेला.

आणि लिस्टवर त्याला विरोध केला मी. "जुना चालता कोड बंद पडेल. जबाबदारी कोण घेणार?"

खरं सांगू? चार मोठ्या लोकांत माझं नाव दिसावं म्हणून.

अण्णांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "बंद पडू दे की रे. बंद पडलेलं कळतं. चुकीचं चालत राहिलं तर कोणाला कळतंय?"

"फोनवर नको अण्णा, लिस्टवर लिहा."

"सरी, ठीक आहे. स्वल्प बरं वाटू दे, लिहितो."

बरं का नाही, हे मी विचारलंसुद्धा नाही.

आज चार वेळा मेल लिहून खोडला. शेवटी पाठवला: अण्णा गेले. उत्तर मला फोनवर मिळालं होतं. आक्षेप मागे घेतो.

पाच मिनिटांत एकाचं उत्तर: फार वाईट वाटलं. पण यापुढचं काम कोण करणार? उद्यापर्यंत कोणाचं नाव आलं नाही तर प्रस्ताव बंदच.

त्या भाषेच्या आतलं मला निम्मंही कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर आजच सांगा, पाया पडतो.

कोणी नाही मिळालं तर माझं नाव टाकतोय.

अण्णा, परत एकदा फोन करा ना. या वेळी मी लिहून घेतो.

तुमच्या अर्धवट शिष्याचा शेवटचा नमस्कार.